रस्ता म्हणजे कुत्र्याची मोरी नव्हे

गारखेड्यातल्या आमच्या इमारतीत जिन्याखाली, मीटरच्या पेट्यांशेजारी, गेल्या महिन्यात एक सूचना चिकटवली गेली. तीन कलमं होती. पहिलं पार्किंगचं, दुसरं वरच्या टाकीतल्या पाण्याचं आणि तिसरं असं : पाळीव कुत्र्यांचे नैसर्गिक विधी सदनिकेत वा गॅलरीत करवून घेऊ नयेत, त्यासाठी कुत्र्यास आवाराबाहेर न्यावे. इमारतीत कुत्री दोनच आहेत. तळमजल्यावरच्या लॅब्रेडोरला मागचं अंगण आहे, म्हणजे तिसरं कलम आमच्या तिळूसाठी होतं. त्यावर बैठक झाली. मला बोलू दिलं, सगळ्यांनी ऐकूनही घेतलं. पण तिथे जे आक्षेप आले, ते आमच्या एका इमारतीपुरते नाहीत. सिडकोत, उल्कानगरीत, बीड बायपासच्या नव्या इमारतींमध्ये, जिथे जिथे फ्लॅटमध्ये लहान कुत्रं आहे, तिथे तिथे ते ऐकावे लागतात. म्हणून एकदा सविस्तर उत्तर देते आहे.

तिळू शित्झू आहे. संक्रांतीच्या आठवड्यात आली म्हणून तिळू. तेव्हा ती दोन महिन्यांची होती, आज तीन वर्षांची आहे आणि वजन पाच किलो. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. स्वयंपाकघरामागे भांडी-धुणी करायची जागा आहे. बिल्डरच्या नकाशात तिचं नाव वेगळं होतं, पण सासूबाई तिला मोरीच म्हणतात आणि आता आम्ही सगळेच. या मोरीच्या कोपऱ्यात, सांडपाण्याच्या जाळीला लागून, तिळूचा ट्रे आहे. खाली प्लास्टिकची जाळी, वर कृत्रिम हिरवळीचा तुकडा. तिळू तिथेच जाते. रात्री दोन वाजता अंधारात उठून जाते आणि परत येऊन निजते.

बैठकीतला सगळ्यात ठाम आक्षेप तळमजल्यावरच्या काकांचा होता : कुत्र्याची जागा बाहेर. काका सरळ माणूस आहेत, त्यांच्या मनात माझ्याविषयी काही नाही. मी त्यांना एवढंच विचारलं की काका, बाहेर म्हणजे नेमकं कुठे? त्यांनी हात रस्त्याच्या दिशेने केला.

त्या रस्त्यावर काय काय आहे ते मी रोज पाहते. शेजारच्या बंगल्याचं फाटक आहे, तिथे रोज सकाळी सडा पडतो, रांगोळी निघते. कोपऱ्यावर रिकामा प्लॉट आहे, तिथे संध्याकाळी पोरं क्रिकेट खेळतात, चेंडू गवतात गेला की हातानं चाचपून शोधतात. विजेचा खांब आहे, त्याला टेकून भाजीची गाडी लागते. कडेला लोकांच्या गाड्या उभ्या असतात. यातलं तिळूला कोणतं दाखवू? ज्या जागेला कुणी मालक दिसत नाही, ती जागा घाणीसाठी मोकळी, असा हिशेब आपण किती सहज करून बसलो आहोत.

आणि तिथे माणूस आहे. साडेसहाला एक सफाई कामगार ताई आमची गल्ली झाडायला येतात. खराट्यानं पाला निघतो, कागद निघतात, धूळ निघते. ताजी विष्ठा खराट्यानं निघत नाही, ती पसरते. त्या कुठूनतरी पुठ्ठ्याचा तुकडा शोधतात, वाकतात आणि उचलतात. हे मी गॅलरीतून अनेकदा पाहिलं आहे. ज्या कुत्र्यानं ती केलेली असते, त्याला घरी साबणानं पाय धुऊन आत घेतलेलं असतं आणि त्या घरची फरशी लख्ख असते. तो लख्खपणा त्या ताईंच्या पाठीवर उभा आहे. संत गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घ्यायचे, कीर्तन रात्री. त्यांच्या नावानं या राज्यात २०००-०१ साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. त्या राज्यातल्या एका सोसायटीनं ‘घाण आवाराबाहेर न्यावी’ असं लिहून शिक्का मारावा, हे मला मान्य नाही. माझ्या कुत्रीची विष्ठा उचलणं हे माझं काम आहे. ती माझ्या घरात, माझ्या मोरीत पडली, तर ते काम दुसऱ्या कुणाकडे जाऊच शकत नाही.

पिशवी घेऊन फिरा आणि बाहेरची उचला, असं एक वहिनी म्हणाल्या. बरोबर आहे, फिरायला नेते तेव्हा माझ्याकडे पिशवी असतेच. पण लघवी पिशवीत उचलता येत नाही. ती फाटकाला, टायरला, खांबाला लागते आणि पुढचं प्रत्येक कुत्रं तिथेच पाय वर करतं.

आता सोवळ्याओवळ्याचा मुद्दा. तो बैठकीत कुणी स्पष्ट बोललं नाही, पण जिन्यात बोललं गेलं : स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे कुत्र्याची घाण ठेवतात. याचं उत्तर मला सासूबाईंनी दिलं, आणि सुरुवातीला ट्रेला सगळ्यात जास्त विरोध त्यांचाच होता. त्यांचं बालपण वाड्यात गेलं. संडास परसात, विहिरीपासून लांब, वाड्याच्या पार टोकाला. टोपलीचे संडास होते आणि ती टोपली मागच्या बोळातून येऊन माणसं डोक्यावरून नेत असत. पुढे वाड्यात पाण्याचा संडास बांधायचं ठरलं, तोही घराला लागून, तेव्हा त्यांच्या आजीनं चार दिवस अन्न सोडलं होतं म्हणे. घरात संडास म्हणजे घर बाटलं. आज त्याच सासूबाईंच्या खोलीला जोडून संडास-बाथरूम आहे आणि गुडघ्यांचं दुखणं सुरू झाल्यापासून त्याशिवाय त्यांचं चालत नाही. त्या एकदा तिळूच्या ट्रेकडे बघत म्हणाल्या, ‘आम्हीसुद्धा तेव्हा हेच बोललो होतो गं.’ घाण लांब असली की घर शुद्ध, ही समजूत ज्या दिवसांत होती त्या दिवसांत ती घाण वाहणारी माणसं गावकुसाबाहेर राहत होती. तो हिशेब आपण माणसांच्या बाबतीत कायद्यानं मोडला, मैला वाहून नेण्याच्या प्रथेवर बंदी घालणारा शेवटचा मोठा कायदा तर अगदी २०१३ चा आहे. कुत्र्याच्या निमित्तानं तो मागच्या बोळातून परत येऊ देऊ नये.

आणि मोरी असते कशासाठी? पाणी ओतलं की वाहून जावं म्हणून तिला उतार असतो, जाळी असते, गटाराची जोडणी असते. घरात नवजात बाळ असतं तेव्हा त्याची लंगोटं इथेच धुतली जातात. सोवळं पाळणाऱ्या घरांतही धुतली जातात.

रोगराईचा आक्षेप मी गंभीरपणे घेते, कारण पहिल्या मजल्यावरची सून गरोदर आहे आणि तिच्या सासूबाई खरोखर घाबरल्या होत्या. त्यांनी ऐकलेला आजार टॉक्सोप्लाज्मोसिस. त्याचा परजीवी फक्त मांजरवर्गाच्या आतड्यांत अंडी तयार करतो, कुत्र्याच्या विष्ठेतून तो तसा बाहेर पडत नाही. कुत्र्याच्या बाबतीत लक्ष ठेवायचं ते गोलकृमींवर. त्यांची अंडी विष्ठेतून पडतात, पण पडल्या क्षणी ती संसर्ग करण्याजोगी नसतात, मातीत दोन ते चार आठवडे मुरल्यावर होतात आणि मग मातीत महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं टिकतात. म्हणजे धोका कुठे साठतो आहे ते बघा. मोरीतली विष्ठा पाच मिनिटांत कमोडमध्ये जाते. पोरं चेंडू शोधतात त्या प्लॉटमधली तिथेच मुरते. जंताचं औषध वेळच्या वेळी दिलं पाहिजे, लसी पूर्ण केल्या पाहिजेत, लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची लससुद्धा. हे सगळं तिळूच्या कार्डावर आहे आणि ते कार्ड मी बैठकीत नेलं होतं.

लहान पिल्लासाठी तर बाहेरच खरं भय आहे. पार्व्हो विषाणू १९७८ च्या सुमारास जगाच्या नजरेस आला आणि तेव्हापासून तो पिल्लांचा काळ आहे. जमिनीत तो महिनोन्‌महिने जिवंत राहतो. लसीकरणाचे डोस सहा-आठ आठवड्यांपासून सुरू होऊन साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात, ते पूर्ण होईपर्यंत पिल्लू जिथे इतर कुत्री जातात त्या जमिनीवर सोडू नका, असं पशुवैद्य बजावून सांगतात. मग त्या दोन-अडीच महिन्यांत पिल्लानं जायचं कुठे? दोन महिन्यांचं पिल्लू फार तर दोन-तीन तास लघवी धरून ठेवू शकतं. झोपेतून उठलं की, खाल्लं की, खेळलं की त्याला लागते. आमच्या जिन्याला चोपन्न पायऱ्या आहेत.

पुढे मोठं झाल्यावरही हे शहर शित्झूचं नाही. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, अकरा वाजता डांबरावर हाताचा मागचा भाग सात सेकंद टेकवून ठेवता येत नाही. पावसाळ्यात गवतात गोचिडी, आणि गोचिडीपासून होणारा ताप मराठवाड्यातल्या कुत्र्यांच्या डॉक्टरांना रोज दिसतो. रात्री दहानंतर गल्ली मोकाट कुत्र्यांची असते. त्यांच्यावर माझा राग नाही, ती त्यांची हद्द आहे. पण पाच किलोच्या जिवाला घेऊन मी त्या हद्दीत रात्री अकराला उभं का राहावं?

हे झालं माझ्या बाजूचं. पण एक आक्षेप असा आहे की जो मला कुत्री शिकवणाऱ्या जाणत्या लोकांकडूनच ऐकायला मिळाला, आणि तो खोडून काढण्याजोगा नाही, समजून घेण्याजोगा आहे. ते म्हणतात, घरात लघवी शोषणाऱ्या पॅडची सवय लावलेलं कुत्रं पुढे पायपुसण्यावर करतं, सतरंजीवर करतं, गोधडीवर करतं. खरं आहे. आमच्याकडेही घडलं. तिळू आली ती वर्तमानपत्रावर जायची सवय घेऊन आली. विकणाऱ्यांनी पिंजऱ्यात तेच अंथरलं होतं. आम्हाला बरंच वाटलं, आम्ही मोरीत पेपर पसरला. तिसऱ्या दिवशी सासऱ्यांनी अर्धा वाचून जमिनीवर ठेवलेला पेपर तिनं भिजवला. पिल्लाची त्यात काय चूक? तीन आठवड्यांचं झालं की पिल्लू झोपायच्या जागेपासून लांब जाऊन शू करायला शिकतं, आणि आठ-नऊ आठवड्यांच्या आसपास पायाखाली काय लागलं की मोकळं व्हायचं हे त्याच्या मनात ठरायला लागतं. ते ‘मोरी’ हा शब्द शिकत नाही, ते तळपायाला लागणारा पोत शिकतं. त्याला मऊ, शोषणारं कापडी काही दिलंत तर घरातलं सगळं मऊ आणि शोषणारं त्याच्या लेखी मोरी होतं.

म्हणून यातून निघतं ते एवढंच की पोत नीट निवडावा. घरात दुसरीकडे कुठेही नसलेला पोत असावा. हिरवळीचा तुकडा तसा आहे. ज्यांना कृत्रिम नको त्यांनी उथळ ट्रेमध्ये माती भरून हराळी लावावी. रोपवाटिकेत ती मिळते आणि दोन ट्रे आलटून पालटून उन्हात ठेवले तर टिकते. आम्ही हिरवळीवर पेपरचा तुकडा ठेवला, रोज थोडा लहान करत नेला, बारा दिवसांत पेपर संपला.

बाकी सारं वेळापत्रक आणि सबुरी. पहिले तीन आठवडे तिळू घरभर मोकळी नव्हती. जागी झाली की पट्ट्याला धरून मोरीत, जेवली की मोरीत, खेळून थांबली की मोरीत. तिथे गप्प उभं राहायचं. ती बसली की हळू आवाजात एकच शब्द, ‘शू’. झाली की तिथेच, त्याच क्षणी, भाकरीचा तुकडा. स्वयंपाकघरात परत येऊन दिला तर तिला वाटणार तो परत आल्याबद्दल मिळाला. फरशीवर झाली तर काही न बोलता पुसायचं, आणि फिनेलनं नाही. फिनेलच्या वासानं आपलं नाक फसतं, तिचं नाही. लघवीतले घटक मोडणारं एन्झाइमचं द्रावण मिळतं, ते वापरायचं. ब्लिचिंग पावडर तर लघवीवर कधीच टाकू नये. लघवीतल्या अमोनियाशी क्लोरीनचा संयोग होऊन घसा जाळणारा वायू निघतो, बंद मोरीत तो माणसालाही बाधतो.

आणि नाक घासणं. ‘एकदा नाक घासा, जन्मभर विसरणार नाही’ हा सल्ला मला किमान सहा जणांनी दिला. ते पिल्लू काय शिकतं ते सांगते. माणूस दिसत असताना लघवी केली तर मार बसतो, एवढंच शिकतं. मग ते पलंगाखाली जाऊन करतं, आणि तुम्ही त्याला हौसेनं बाहेर नेलंत तरी तुमच्यासमोर करत नाही, घरी येऊन करतं. लोक त्याला हट्टी म्हणतात. ते भ्यालेलं असतं.

पाण्याचा मुद्दा या शहरात कुणी हसण्यावारी नेऊ नये. जायकवाडी धरण काठोकाठ भरलेलं असतानाही आठ-आठ दिवसांनी नळ आल्याची सवय आम्हा सगळ्यांना आहे, आणि ‘माणसांना नाही तिथे कुत्र्याच्या मोरीला पाणी’ असं कुणी म्हटलं तर मला ते लागतं. पाच किलोच्या निरोगी कुत्र्याची दिवसभरातली सगळी लघवी मिळून एक पेलाभर होते. ट्रेवर दिवसाकाठी चार तांबे पाणी पडतं आणि ते आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी असतं. बादलीत साठवलेलं, एरवी सिंकमधून वाहून गेलेलं. आठवड्यातून एकदा ट्रे साबणानं घासून गच्चीवर उन्हात. सूचनेचं दुसरं कलम आम्ही तंतोतंत पाळतो.

एका गोष्टीत मात्र मी आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूला उभी आहे, आणि तिथे कुत्री पाळणाऱ्यांनाच बोललं पाहिजे. ते वापरा-फेका पॅड. खाली प्लास्टिक, आत पाणी धरून फुगणारी पावडर, म्हणजे बाळाच्या डायपरचंच भावंड. दिवसाला तीन पॅड धरले तर वर्षाला हजार होतात. हे शहर कचऱ्याच्या बाबतीत काय भोगून बसलं आहे ते विसरलो का आपण? तीन दशकांहून अधिक काळ सगळ्या शहराचा कचरा नारेगावात जाऊन पडत होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये तिथल्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि आठवडेच्या आठवडे कचरा आपल्या दारात सडला, मार्चमध्ये याच कचऱ्यावरून मिटमिट्यात दगडफेक आणि लाठीमार झाला. त्यानंतर चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल, कांचनवाडी इथे प्रक्रिया केंद्रं उभी राहिली. आपली घाण दुसऱ्याच्या माथी मारू नका, हे जे नारेगावच्या लोकांनी सांगितलं तेच मी वर सफाई ताईंच्या संदर्भात सांगितलं आहे. मग भिजलेला पॅड ओल्या कचऱ्यात कोंबून घंटागाडीत टाकणाऱ्या मालकाला मी कोणत्या तोंडानं पाठीशी घालू? आजारी किंवा म्हाताऱ्या कुत्र्याला पॅड लागतो, तेव्हा तो कागदात गुंडाळून ओल्या कचऱ्यापासून वेगळा द्यावा, २०१६ च्या घनकचरा नियमांत डायपरसाठी हेच सांगितलं होतं. रोजच्यासाठी धुता येणारा ट्रे.

दुसरी कबुली गॅलरीची. पुष्कळ इमारतींत गॅलरीचं पाणी पावसाच्या पाइपात जातं, गटाराच्या नाही, आणि तो पाइप खाली उघड्यावर सुटतो. तिथे ट्रे धुतला तर खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ते पाणी उडतं. असं झालं तर खालच्या माणसाचा राग शंभर टक्के रास्त आहे. सूचनेत ‘गॅलरीत’ हा शब्द एवढ्यापुरता असता तर मी सही केली असती.

शेवटी आळस. हा शब्द मला सर्वांत जास्त टोचला. ज्या घरात मोरी आहे त्या घराचा मालक कुत्र्याला फिरवत नाही, असं गृहीत धरलं जातं. असे मालक आहेत, आणि ते चूक करतात. फिरणं लघवीसाठी नसतं. कुत्र्याचं जग नाकानं उघडतं. काल इथून कोण गेलं, कोणत्या घरी काय शिजलं, सगळं त्याला जमिनीवरच्या वासांतून कळतं. ते हिरावून घेतलं तर कुत्रं खचतं. प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा १९६० चा आहे, आणि त्याच्या अकराव्या कलमात सतत बांधून वा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं हाही गुन्हा म्हणून नोंदवलेला आहे. तिळू पहाटे साडेपाचला चाळीस मिनिटं आणि ऊन उतरल्यावर पुन्हा अर्धा तास फिरते. फरक इतकाच की ती मोकळी होऊन निघते. तिला घाई नसते, मला फाटकं चुकवत ओढत न्यावं लागत नाही. ती वास घेत थांबते आणि मी तिच्यासोबत थांबते. आठवड्यातून दोन-तीनदा ती बाहेरही करते, कारण घरची सवय लागली म्हणून बाहेरची जमीन ती विसरलेली नाही. तेव्हा पिशवी असतेच.

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमतानंही पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, आणि त्याच सूचनांत मालकांनी स्वच्छता राखावी असंही सांगितलं आहे. मी पहिल्या वाक्याचा आधार घेऊन भांडणार नाही. दुसऱ्या वाक्यासाठी तिसरं कलम बदलून मागते आहे. माझा मसुदा असा : ‘पाळीव कुत्र्यांच्या विधींसाठी मालकाने सदनिकेत, सांडपाण्याच्या गटाराला जोडलेल्या जागी सोय करावी. गॅलरीत व पावसाच्या पाइपाजवळ करू नये. विष्ठा तत्काळ संडासात टाकावी. आवारात वा रस्त्यावर झाल्यास मालकाने स्वतः उचलावी. लस व जंताच्या औषधाची नोंद मागितल्यास दाखवावी.’

हा कागद मी सचिवांकडे दिला आहे. पुढची बैठक रविवारी सकाळी दहाला आहे. त्याआधी ज्यांना आमची मोरी पाहायची असेल त्यांनी केव्हाही यावं, आधी कळवायची गरज नाही. काका काल संध्याकाळी येऊन गेले.